पिशवीतले पाच बिल्ले

१

तानुबाईचं घर जसंच्या तसं उभं होतं, आणि तक्रार नेमकी तीच होती.

जळगावच्या घाणेगल्लीतलं हे दोन खणांचं मातीचं घर. बंबखान्याच्या वहीप्रमाणे अकरा दिवसांपूर्वी, वैशाखातल्या भर दुपारी दोन वाजता, या घराला आग लागली होती. तीही साधीसुधी नाही, 'कामाची आग'. बंब अडीच तास इथून हलला नव्हता. आणि आता धनसिंग फौजदार दारात उभं राहून पाहत होते, तर आढ्याला काजळी नाही, एक वासा जळलेला नाही, कुडाला झळ लागलेली नाही. चुलीमागच्या भिंतीवर हातभर काळा डाग होता, पण तेवढा डाग तर कुठल्याही घरात असतो.

त्याच दुपारी पिंप्राळ्याच्या वाटेवर झुलालशेठची कडब्याची गंजी पेटली होती. शेठचा गडी धापा टाकत घाणेगल्लीत बंब न्यायला आला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बायांनीच त्याला अडवलं. आतून बंबाच्या जमादाराचा निरोप आला: कामाची आग आहे, बंब हलणार नाही. गंजीची राख झाली. माणसाला किंवा जनावराला काही झालं नाही, पण झुलालशेठ म्युनिसिपल कमिटीचे मेंबर होते. त्यांनी मागाहून माणूस पाठवून तानुबाईचं घर पाहून घेतलं आणि तक्रार ठोकली. जमादाराने सरकारी वहीत खोटी नोंद केली, असं त्यांचं म्हणणं. कमिटीने चौकशी पोलिसांकडे दिली, आणि पोलीस म्हणजे धनसिंग फौजदार.

हे १९३४ सालचं. धनसिंग तेव्हा बावन्न वर्षांचे होते. कुणी खोटं बोललं याचा त्यांना फारसा राग येत नसे. खोटं नीट जमवलेलं नसलं की मात्र ते चिडत, आपल्याला इतकं बावळट समजतात म्हणून. आज त्यांना चिडताही येत नव्हतं. वहीत ती नोंद करणारे नूर महंमद जमादार त्यांचे तीस वर्षांपासूनचे दोस्त होते. दोन महिन्यांनी जमादारांची नोकरी सन्मानाने संपायची होती. नोंद खोटी ठरली, तर ती बडतर्फीने संपणार होती आणि वर खटला.

धनसिंगांनी खिशातून वहीची नक्कल काढून पुन्हा वाचली. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली, जी झुलालशेठनेही तक्रारीत मोठ्या अक्षरांत मांडली होती. नोंदीत आधी 'घागरीची आग' असं लिहिलेलं होतं. ते खोडून वर 'कामाची' केलेलं होतं.

२

बंबखाना म्हणजे एक लांब शेड. आत लाल रंगाचा बैलांचा बंब, त्याला दोन बाजूंनी दांडे. चार माणसांनी दांडे हापसायचे आणि पाचव्याने नळी धरायची, असा सगळा कारभार. दाराशेजारी भिंतीत पाच खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेक पितळी बिल्ला. नूर महंमद रोज सकाळी ते बिल्ले चिंचेने घासत. बायको अकबरी म्हणायची, घरातली भांडी अशी कधी घासली असती तर मी तुमची आरती ओवाळली असती.

बिल्ल्यांची पद्धत जमादारांनीच काढलेली. आगीवर जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला गळ्यात घालायचा. ज्याचे हात कामात गुंतले, त्याने बिल्ला जमादारांच्या चामडी पिशवीत टाकायचा. पिशवीवर नजर टाकली की कळायचं, किती माणसं मोकळी आहेत.

यावरूनच त्यांनी आगीचे तीन प्रकार पाडले होते, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत लिहून कमिटीकडून मंजूर करून घेतले होते. घरच्या पाण्याने विझते ती घागरीची आग, बंबाने पाहून परत यावं. नळी लावावी लागते पण एखाद-दुसरा माणूस मोकळा राहतो ती बंबाची आग, दुसरीकडून बोलावणं आलं तर निम्मी माणसं सोडावीत. आणि पाचही बिल्ले, जमादाराच्या स्वतःच्या बिल्ल्यासकट, पिशवीत जातात ती कामाची आग. तिथून बंब कुणाच्याही बोलावण्यावरून हलवू नये. पंधरा वर्षांपूर्वी कापसाच्या एका जिनात आग लागली असताना एका बड्या माणसाने हुकूम सोडून बंब आपल्या बंगल्याकडे वळवला होता, आणि जिनात मागे राहिलेला एक हमाल मेला होता. ते पान त्याच आठवड्यात लिहिलेलं होतं.

धनसिंग बाकावर बसले. नूर महंमदांनी चहा ओतला. 

"नूर, तानुबाईच्या घरात काय जळलं?"

"वहीत आहे."

"वहीत काय आहे ते मी वाचलं. मी तुला विचारतोय."

"फौजदार म्हणून विचारतोस का धनसिंग म्हणून?"

"दोन्ही म्हणून."

नूर महंमदांनी कप खाली ठेवला. "मग वहीतच आहे," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

तीस वर्षांत या माणसाने आपल्याला असं दारातून परतवलं नव्हतं, हे धनसिंगांना फार लागलं. पण लागलं म्हणून डोळे मिटून घेणारे ते नव्हते. त्यांनी शेडमध्ये फेरी मारली. नळीचं वेटोळं बंबावर होतं तसंच होतं. किंतानाची नळी भिजली की आठवडाभर तरी कुबट वास सोडते आणि वाळल्यावर कडक होते. ही मऊ होती, घड्यांमध्ये मागच्या उन्हाळ्याची धूळ होती आणि पितळी तोंडात कोळ्याने जाळं केलेलं होतं. अडीच तासांची कामाची आग, आणि नळी उलगडलीसुद्धा नव्हती.

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. लांब दोर आढ्यावर टाकून वाळत घातलेला होता. बांबूच्या शिडीच्या खालच्या चार पायऱ्यांवर हिरवट काहीतरी सुकून बसलं होतं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं, तर ते शेवाळ होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंबावरच्या माणसांना एकेक करून बोलावलं. भिकन आणि मगन यांनी जमिनीकडे बघत एकच सांगितलं, की धूर निघाला, बंब आला, आग विझली, देवाची दया. युसूफने तेच सांगितलं. शब्द तेच, क्रमही तोच, फक्त शेवटी देवाऐवजी अल्ला आला. धनसिंगांनी कागद बाजूला सारला आणि युसूफला हात पुढे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांवरची कातडी आडवी सोललेली होती, आता कुठे खपली धरत होती.

"नळीने सोलतं असं?" त्यांनी विचारलं.

युसूफने हात मागे घेतले. "जमादारांना विचारा, साहेब," तो म्हणाला.

वना या चौघांत सगळ्यात लहानखुरा आणि बोलका. लग्नाच्या पंगतीत त्याला गप्प करायला दोन माणसं लागायची. तो मात्र आज फौजदारांसमोर तोंडात गुळणी धरल्यासारखा उभा राहिला. कितीही खोदून विचारलं तरी त्याच्याकडून एकच वाक्य निघालं.

"साहेब, दम धरना पडना, बस."

घाणेगल्लीत तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत धूर, बंब, देवाची दया हेच चाललं होतं. शाळेत कविता पाठ करून घ्यावी तसं कुणीतरी ते सगळ्यांकडून घोटून घेतलेलं दिसत होतं. ते कुणी, हे धनसिंगांना तानुबाईच्या दारात आल्याबरोबर समजलं. पन्नाशीची ठेंगणी बाई, आवाजाने गल्ली झाडून काढणारी. तिने खाट दारात आडवी टाकली होती आणि त्यावर ती बसली होती. घरात जायचं तर तिच्यावरूनच जावं लागलं असतं, आणि घरातून बाहेर यायचं तरीही.

आत, खांबाला टेकून, तिची सून सुनंदाबाई बसली होती. वय एकोणीस असेल. तिच्या शेजारी, गोधडीला टाके घालत, चक्क अकबरी बसली होती. फौजदारांना पाहून अकबरीने पदर सारखा केला आणि टाके चालूच ठेवले.

"भाभी, तुम्ही इकडे कशा?" धनसिंगांनी विचारलं.

अकबरी म्हणाली, गोधडी मोठी आहे, एकटीने होत नाही. सुनेच्या मांडीवर गोधडीचं दुसरं टोक होतं. तिच्या हातात सुई होती, पण टाका नव्हता.

धनसिंग तिच्याकडे वळून काही विचारणार, तेवढ्यात तानुबाई खाटेवरून उठली आणि मध्ये उभी राहिली.

"तिले काई ईचारू नका, भाऊ. माले ईचारा. बठ्ठं माले ईचारा."

त्यांनी मग सुनेच्या मुलाबाळांची चौकशी केली, उगाच बोलायचं म्हणून. तानुबाई पुन्हा खाटेवर बसली. चार महिन्यांचा नातू होता, चैत्रात गेला, एवढं तिने सांगितलं. तिचा मुलगा चाळीसगावला गिरणीत होता, तो येऊन गेला होता.

परत निघताना ते गल्लीच्या टोकाला असलेल्या विहिरीपाशी थांबले. ही घाणेगल्लीची जुनी विहीर, कठडा नसलेली. कैक वेळा कमिटीला अर्ज झाले होते आणि कैक वेळा ते फायलीत पडून राहिले होते. आज तिच्याभोवती कमरेइतका कठडा उभा होता. विटा चार घरांतून गोळा केल्यासारख्या चार तऱ्हेच्या होत्या. त्यांनी सांध्यावर बोट दाबलं, तर माती अजून आतून ओली होती.

४

संध्याकाळी ते बंबखान्यात गेले तेव्हा नूर महंमद पायरीवर बसून बिडी ओढत होते. धनसिंग त्यांच्या शेजारी बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मी सांगतो," ते म्हणाले. "तू फक्त ऐक. चुकलं तर खोकल."

तानुबाईच्या घरातून धूर निघाला तो खराच होता. चुलीवर ठेवलेलं जळालं, शेजाऱ्यांनी बंब बोलावला. बंब गेला, एक तांब्या पाणी पुरलं. नूर महंमदांनी तिथेच वहीत घागरीची आग लिहिलं. पण ज्या माणसाने तीस वर्षं आगी पाहिल्या, तो विझवून मोकळा होत नाही. चूल पेटती टाकून बाई गेली कुठे, हे त्याने पाहिलं असणार. भाकरी तव्यावर अर्धी होती आणि घरात कुणी नव्हतं.

नूर महंमद खोकले नाहीत.

"सून विहिरीत सापडली. नळी तशीच राहिली, दोर आणि शिडी काढली. वना सगळ्यांत हलका, तो खाली उतरला. युसूफ, भिकन आणि मगन दोरावर. आणि तू?"

"दोराचं टोक माझ्या कमरेला होतं," नूर महंमद म्हणाले. "दगडाला पाय लावून बसलो होतो. खाली वना कपारीला लटकलेला. झुलालशेठचा गडी आला तेव्हा एक जण जरी उठला असता तरी दोन जीव गेले असते."

पाचही बिल्ले पिशवीत. तेव्हा घागरीची खोडून कामाची झाली. इथपर्यंत सगळं नीट बसत होतं. पण धनसिंगांनी टोपी उगाच दोनदा फिरवली, कारण पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं.

"पाय घसरून पडलेली बाई दोर दिसल्याबरोबर धरते, नूर. चाळीस हात खोल विहिरीतून तिला काढायला अर्धा तास लागतो. तुम्हाला अडीच तास लागले. वना म्हणाला, दम धरावा लागला. ती दोर धरत नव्हती."

नूर महंमदांची बिडी विझली होती. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

"तानुबाई काठावर पालथी पडून बोलत होती तिच्याशी," ते हळूच म्हणाले. "दोन तास. सासू म्हणून नाही रे, आई बोलते तशी. काय बोलली ते मी वहीत लिहिलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. शेवटी पोरीने दोर धरला."

जीव द्यायला गेलेलं माणूस वाचलं तर कायद्याने गुन्हेगार ठरतं, हे फौजदाराला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी बोदवडच्या एका बाईच्या पंचनाम्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'स्वखुशीने उडी टाकली'. लिहिलं ते खरंच होतं. बाईला सहा महिन्यांची कैद झाली. सुटली त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी ना सासरचं कुणी आलं, ना माहेरचं. हे धनसिंगांनी याच पायरीवर बसून नूर महंमदांना सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

"तू मला तरी सांगायचं होतंस," ते म्हणाले. आवाजात राग आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आला नाही.

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं लिहावं लागलं असतं, नाहीतर पुन्हा बोदवडसारखं खरं. मी एकट्याने गप्प राहिलो तेवढं पुरे होतं."

धनसिंगांनी मांडीवरची टोपी उचलून शेजारी ठेवली. दोस्ताने आपल्याला परकं केलं म्हणून दोन दिवस ते मनात कुढत होते, आणि आता त्यांना आपलीच लाज वाटत होती. थोड्या वेळाने त्यांनी वही मागितली. त्या नोंदीतला एक रकाना त्यांना नकलेतही खटकला होता. 'पूर्ण विझल्याची तारीख' कोरी होती.

"हे का कोरं?"

नूर महंमदांनी पहिलं पान उलटून बोट ठेवलं. तिसऱ्या प्रकाराखाली शेवटची ओळ होती: कामाच्या आगीवर मागाहून राखण बसवावी, आणि राखण उठेपर्यंत विझल्याची तारीख लिहू नये.

धनसिंगांना दारातली आडवी खाट आठवली, आणि अकबरीची न संपणारी गोधडी.

५

झुलालशेठ त्यांच्या पेढीवर तक्क्याला टेकून बसले होते. माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. गंजी पेटली त्यापेक्षा आपला गडी बायांनी परत पाठवला, हे त्यांना जास्त झोंबलं होतं. धनसिंगांनी वही पुढे ठेवून पहिलं पान वाचून दाखवलं आणि त्याखालची कमिटीची मंजुरीही वाचली. त्यात शेठची स्वतःचीच सही होती.

"ज्वाळा किती मोठ्या हव्यात, हे यात कुठे लिहिलंय?" धनसिंगांनी विचारलं.

शेठने चष्मा लावून पान दोनदा वाचलं. ज्वाळांचं नाव कुठेच नव्हतं. हात किती गुंतले आणि तिथून बंब हलवायचा की नाही, एवढंच होतं.

"घागरीची आग होती, चुलीजवळची. ती विझली," धनसिंग म्हणाले. "पण पाचही माणसं गुंतलेली होती आणि एकाने हात काढला असता तर जीव गेला असता, याची मी खात्री करून घेतली आहे. नोंद नियमाला धरून आहे. मी असाच रिपोर्ट देणार. याहून जास्त विचारलंत तर मला फौजदार म्हणून उत्तर द्यावं लागेल, आणि ते ऐकून तुम्हालाही जेवण गोड लागणार नाही."

झुलालशेठने चष्मा काढून वहीवर ठेवला. जळगाव केवढं ते. घाणेगल्लीच्या विहिरीला बारा दिवसांत कठडा उभा राहिला, हे त्यांच्याही कानावर आलेलं असणार.

"जीव वाचला?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

शेठने तक्रारीचा कागद मागून घेतला आणि 'समाधान झाले' असं लिहून खाली सही केली. मग, कुणी विचारलं नसताना, कडबा तसाही मागच्या सालचा होता म्हणून त्यांनी सांगून टाकलं.

६

श्रावणात नूर महंमदांचा नोकरीचा शेवटचा दिवस आला. बंब धुऊन पुसून उभा होता. बैलांच्या शिंगांना वनाने रंग लावला होता आणि निम्मा स्वतःच्या सदऱ्याला. जमादारकी युसूफकडे जायची होती. नूर महंमदांनी त्याला किल्ल्या दिल्या, पिशवी दिली, पण वही देईनात. काही ना काही कारण काढून ती काखेतच ठेवत होते. धनसिंगांना कारण ठाऊक होतं. ते गंमत बघत बाकावर बसून राहिले.

दुपारी तानुबाई आली. डोक्यावर टोपली, तीत कळण्याच्या भाकरी आणि भरीत. तिच्यामागून सुनंदाबाई आली, हातात ठेच्याचा वाडगा घेऊन. वाढायला तीच बसली. तानुबाई दूर जाऊन बैलांकडे बघत उभी राहिली, सुनेकडे पाठ करून, आणि तिने एकदाही वळून पाहिलं नाही. अकबरीचीही गोधडी शिवून झालेली होती. ती तिने त्याच घरी ठेवली होती.

धनसिंगांनी भरताचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. भरतात मीठ जरा सढळ हाताने पडलंय, असं त्यांनी मोठ्याने म्हणून दाखवलं. बाकीचे चौघं खाता खाता थांबले. नूर महंमदांनीही हातातली भाकरी खाली ठेवली.

सुनंदाबाईने मान वर केली.

"मीठ बरोबर शे, फौजदारभाऊ," ती म्हणाली. "तुमना तोंडलेच चव नही."

आणि ती हसली. पदर तोंडाला लावायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिकडे तानुबाई बैलाच्या मानेवर हात ठेवून तशीच उभी होती.

नूर महंमदांनी भाकरी तशीच टाकून हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि वही उघडली. वैशाखातलं ते पान काढून त्यांनी कोऱ्या रकान्यात सावकाश आजची तारीख घातली. खाली सही केली. मग दौत आणि टाक उचलून ते बाकापाशी आले.

"साक्षीदाराची सही लागते," ते म्हणाले.

धनसिंगांनी भरताने माखलेली बोटं धुतली आणि सही केली.